चौदावे दालन

पोहरादेवीच्या नंगारा वास्तुसंग्रहालयात तेरा दालने आहेत. 5 ऑक्टोबर 2024 रोजी खुद्द पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले, जगदंबेच्या देवळात नगाराही वाजवला. बंजारा समाजाचा ठेवा जपण्याच्या कामी सरकार किती तत्पर असते, हे मानोरा तालुक्याने त्या दिवशी डोळे भरून पाहिले. त्याच भरवशावर आमची एक नम्र सूचना : तिथे चौदावे दालन काढावे आणि गावोगावी आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंना दिलेली आश्वासने त्यात मांडावीत. वस्तू जुन्या आहेत, पण एकदाही वापरलेल्या नसल्यामुळे अगदी सुस्थितीत आहेत.

दर्शनी जागी 2023 च्या दिवाळीतले सात हजार ठेवावेत. 18 ऑक्टोबरला राज्यभरच्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. ऐन फराळाच्या तोंडावर आरोग्यमंत्र्यांनी आशांना सात हजारांची वाढ जाहीर केली, बाया कामावर परतल्या आणि शासन निर्णय तेवढा वाट चुकला. 12 जानेवारीपासून पुन्हा संप, फेब्रुवारीत आझाद मैदान. तिथे बायांनी उन्हात बूड टेकून तीन आठवडे काढल्यावर 14 मार्चला निर्णय निघाला, त्यात पाच हजार होते. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, हा योगायोग. मधले दोन हजार कुठे गेले, ते पुरातत्त्व खात्याने खणून काढावे. आरोग्य खात्याच्या आवाक्यातले ते काम दिसत नाही.

बाजूच्या भिंतीवर झोळीचा वजनकाटा टांगावा. तान्ह्या बाळाच्या घरी सहा वेळा जायचे : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ झोळीत ठेवायचे. ते पाय झाडते तोवर काटा ठरत नाही, आणि काटा ठरतो तोवर आजीला नजर लागायची धास्ती. मग ताप बघा, नाळ बघा, दूध ओढते का बघा, फॉर्म भरा. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये, म्हणजे भेटीला 41 रुपये 66 पैसे. (सुटे पैसे संग्रहालयातच मिळतील.) त्यात बाळंतीण तान्ह्याला घेऊन ऊसतोडीसाठी मुकादमाच्या ट्रकमध्ये चढली, की उरलेल्या भेटी उसाच्या फडात. तांड्यावरच्या ताईने त्या फडापर्यंत कसे पोचावे, याची सोय अजून झालेली नाही. झाली तर ऑनलाइन होईल.

एक कोपरा फेब्रुवारी 2021 ला द्यायलाच हवा. कोरोनाची बंधने असताना तेव्हाचे वनमंत्री पोहरादेवीला आले आणि हजारोंची गर्दी लोटली. पुढारी गाडीत बसून गेले. घरोघर फिरून खोकला-ताप विचारायचे काम राज्यभर ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे गाडी नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. पुरस्कार एक, मानकरी दहा लाख! वाटपाचा जीआर निघाला नाही, हेच नशीब.

कुणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा सरळ पगारच का देत नाही? अहो, त्या स्वयंसेविका आहेत! किमान वेतन मागितले की स्वयंसेविका; सर्वेक्षणाला नकार दिला की कर्मचारी. सरकारी हिशेबात एवढी लवचीक वस्तू दुसरी नाही.

राहिला प्रश्न दालनात माहिती सांगायला माणूस नेमण्याचा. पदभरतीच्या भानगडीत पडू नये, गावातली आशाच बसवावी. पगार नाही, मोबदला : दर प्रेक्षकामागे एक रुपया, तोही प्रेक्षकाने आपला ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक दिला तर. रामनवमीच्या यात्रेला लाखो भाविक येतात, म्हणजे ताईंची चांदीच. फक्त यात्रेतली गर्दी राष्ट्रीय कार्यात धरावी आणि बाकीची बिले निधी आल्यावर काढावीत.

हा प्रस्ताव एका ताईंच्या कानावर घातला. खांद्यावरची रजिस्टरांची पिशवी खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "बसतो ना जी. पयले तो एक रुपया लेखी द्या."