घड्याळ आणि खरे

नाना बँकेत ३४ वर्षं कॅशियर होते. काउंटरवर नोटा मोजायचं यंत्र आलं तेव्हा नानांनी त्याला विरोध केला नाही. यंत्रानं मोजलेलं बंडल ते फक्त पुन्हा हातानं मोजत. ‘यंत्राला पेन्शन नाही, त्याला कसली काळजी!’ असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाच्या मनगटावर मुलीनं वाढदिवसाला स्मार्टवॉच बांधलं आणि त्या घड्याळाची साडेसाती सुरू झाली.

तसा हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी नाना असतो. सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारणारा, आपण बोलत असताना मध्येच मनगट वळवून बघणारा, आणि ‘उशीर होतोय का?’ विचारलं तर ‘छे, ठोके बघतोय’ म्हणणारा. आमचे नाना त्यातलेच, पण ऑडिट खात्याचे.

आधी त्यांच्या हाताला सासऱ्यांनी दिलेलं एचएमटीचं ‘जनता’ होतं. रोज सकाळी किल्ली द्यायची, ते वेळ सांगणार आणि गप्प बसणार. २०१६ मध्ये एचएमटीचं घड्याळ बनवणं थांबलं, तेव्हा नाना घरातलं कुणी गेल्यासारखे दोन दिवस बोलत नव्हते. नव्या घड्याळाचं खोकं उघडल्यावर पहिला प्रश्न आला, “किल्ली कुठाय?”

“बाबा, चार्ज करायचं.”

“म्हणजे किल्लीच. फक्त विजेचं बिल आपलं.”

दुसऱ्या दिवशी फुलस्केप वही निघाली. चार रकाने आखले: तारीख, घड्याळ, खरे, फरक. ‘खरे’ हा आकडा कुठून यायचा? तर खिशातल्या जपमाळेतून. दर शंभर पावलांना एक मणी. माळ १०८ मण्यांची, त्यामुळे मेरुमणी आला की १०,८०० पावलं. देवाचं नाव घ्यायला मध्ये जागाच उरत नाही, हे नानींनी दाखवून दिलं. पण ‘हिशेब हीसुद्धा उपासनाच’ म्हणून नाना चालू लागले.

पहिल्याच दिवशी घड्याळ ३१२ पावलांनी पुढे.

“एक्सेस!” नाना लिफ्टमध्ये मला म्हणाले. चेहरा असा, की तिजोरीच फुटलीय. “अहो, शॉर्ट परवडली. खिशातून भरता येते. एक्सेस म्हणजे कुणाचे तरी पैसे आपल्याकडे आलेत.”

ती ३१२ पावलं कुणाची, याचा तपास चार दिवस चालला. सापडली ती गणपतीच्या आरतीत. या घड्याळाला पाय माहीतच नसतात. ते हाताच्या हेलकाव्यावरून पावलं ताडतं. एका जागी उभं राहून टाळ्या वाजवल्या, की त्याच्या लेखी यजमान चालायला निघालेच. उलट जांभळी नाक्यावरून दोन्ही हातांत बटाटे-कांद्याच्या पिशव्या घेऊन नाना घामाघूम होऊन घरी आले, तर हात ताठ राहिल्यामुळे जमा झाली जेमतेम चाळीस.

“ओझं वाहिलं त्याची नोंद नाही, टाळ्या वाजवल्या त्याची आहे,” नाना म्हणाले. “अगदी आमचं हेड ऑफिस.”

मग दुधीचा प्रयोग झाला. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसा परतणारा प्रकाशही कमीजास्त होतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. हे भाच्याकडून कळल्यावर नानांनी पट्टा सरळ भाजीतल्या दुधीला आवळला. दुधीला रक्त नसलं तरी परतणारा प्रकाश आहे. त्यात जराशी थरथर मिळाली, की स्वस्तातलं यंत्र आकडा काढून मोकळं. दुधीची नाडी आली ७२.

“माझ्यापेक्षा चांगली आहे,” नाना म्हणाले.

नानी विळी घेऊन उभ्या होत्या. “मग कापू, की डॉक्टरांना विचारू?”

एवढं सगळं झाल्यावर दुसरा कुणी ते घड्याळ खणात टाकता. नानांनी टाकलं नाही, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. दहा हजार पावलं पुरी झाली की पडद्यावर फटाके फुटतात आणि मनगटाला गुदगुल्या होतात. ३४ वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही म्हणून बँकेत कुणी फुलबाजीसुद्धा लावली नव्हती. एका रात्री साडेअकराला सहाशे पावलं कमी पडत होती. स्वयंपाकघरात खरवडल्याचा आवाज आला म्हणून नानी उठल्या, तर नाना एका लयीत नारळ खवत होते. लग्नाला ४१ वर्षं झाली, त्यातला हा पहिला नारळ. नानी फक्त म्हणाल्या, “उद्या आठशे कमी पडू देत. मोदक करायचेत.”

हे दहा हजार आले कुठून, तेही भाच्यानं शोधलं. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा डॉक्टरांचा कमी, जाहिरातीचा जास्त. नानांना मुळीच धक्का बसला नाही. “टार्गेट असंच लावतात,” ते म्हणाले आणि चप्पल घालून उरलेले पुरे करायला गेले.

फक्त एका आकड्यावर नानांनी कधी शंका घेतली नाही. घड्याळ साखरसुद्धा दाखवायचं, सुई न टोचता. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलंय, की अशा घड्याळांच्या साखरेवर विसंबू नका. ती बातमी मीच नानांना वाचून दाखवली. नानांनी ती शांतपणे ऐकली. समोर होळीची पुरणपोळी होती. पहिल्या पोळीआधी आकडा ९८, तिसरीनंतरही ९८.

“बघा,” नाना तुपाचं भांडं ओढत म्हणाले, “एक पैशाचा फरक नाही.”

“दुसऱ्यांदा मोजलंत?”

“प्रत्येक ठिकाणी संशय बरा नव्हे हो.”

परवा काही कामानं त्यांच्याकडे गेलो, तर वही टेबलावर उघडीच होती. पावलांच्या सगळ्या ओळी काटेकोर, फरक लाल शाईत. होळीच्या तारखेला ‘साखर’ म्हणून एक ओळ होती, ‘घड्याळ’खाली ९८. ‘खरे’चा रकाना नानांनी कोरा सोडला असावा, कारण त्यात अक्षर दुसरं होतं: २१४, आणि बाजूला लॅबची पावती टाचणीनं लावलेली. खाली नानींची सही होती. शेजारी नानांचीही, जरा बारीक. कॅशला दोघांच्या सह्या लागतात.