दहा गुंठे चित्र

माझी तक्रार छोटी आहे, तरी ती मी मनापासून करते आहे. दूरदर्शनवरच्या जुन्या मालिका आता अ‍ॅपवर मिळतात, याचा आनंद मला कुणापेक्षा कमी झालेला नाही. ज्या मालिका इतकी वर्षं नुसत्या आठवत बसायच्या, त्या आता आईच्या ओसरीवर दिसतात. म्हणूनच त्या धड दिसाव्यात असं वाटतं.

आई राहते इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळच्या वस्तीवर. मी बारामतीला. शनिवारी दुपारची एसटी धरायची, भवानीनगर, सणसर, बेलवाडी मागे टाकायची आणि चहाच्या वेळेला घरी टेकायचं, हा माझा नेम. गेल्या दिवाळीत भाच्यानं आजीसाठी मोठा टीव्ही आणला, त्यात अ‍ॅप घातली आणि म्हणाला, "आजी, आता तुझं महाभारत कधी पण बघ." आई पाय धुऊन आली, पदर डोक्यावर घेतला आणि समोर बसली. १९८८ साली बसायची तशीच.

मालिका सुरू झाली न झाली तोच खालच्या कोपऱ्यात 'स्किप इंट्रो' असं बटण उगवलं. आईचा अंगठा रिमोटच्या मधल्या गोल बटणावर होताच. तो दाबला गेला आणि समोर एकदम हस्तिनापूरचा दरबार आला.

"आगं, गाणं कुठं गेलं? मी अजून हातसुदिक जोडलं न्हाईत."

शीर्षकगीत ही वेळकाढू गोष्ट आहे असं ज्यानं ठरवलं, त्यानं ते कधी वस्तीवर ऐकलेलं नसावं. २ ऑक्टोबर १९८८ला महाभारत सुरू झालं आणि २४ जून १९९०ला संपलं, भाग ९४. त्याआधी जानेवारी १९८७पासून जुलै १९८८पर्यंत रामायण, भाग ७८. आमच्या वस्तीवर तेव्हा एकच टीव्ही होता, वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या शेजाऱ्यांकडे. काळापांढरा, लाकडी दारांचा. अँटेना बांबूला बांधलेला. एक जण पत्र्यावर चढून तो फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं… गेलं!" रविवारी सकाळी वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे आणि तिच्यावर टीव्ही चालायचा. या सगळ्या खटाटोपात माणसं गोळा व्हायला वेळ लागायचा, आणि तो वेळ शीर्षकगीत द्यायचं. गाणं कानावर आलं की गोठ्यातली बाई हात धुवायची, विहिरीवरचा माणूस पायवाटेला लागायचा. गाणं संपेपर्यंत सगळे बसलेले असायचे. ते गाणं म्हणजे देवळातली घंटा होती. ती काढून टाकण्याचं बटण द्यायचं असेल तर द्या, पण ते अंगठ्याखाली आणून ठेवू नका.

ओटीपीचं दुखणं सगळ्यांना आहे, म्हणून थोडक्यात सांगते. अ‍ॅप भाच्याच्या नंबरावर आहे. भाचा पुण्याला कंपनीत. आठ-पंधरा दिवसांनी अ‍ॅप आईला ओळखेनासं होतं आणि सहा आकडे मागतं. ते आकडे भाच्याच्या फोनवर जातात, भाचा मीटिंगमध्ये असतो, आणि त्यानं फोन उचलून सांगेपर्यंत ते शिळे झालेले असतात. आईचं वय ७८. तिच्या स्वतःच्या ओसरीवर तिनं कितीदा ओळख पटवायची?

आणि शोधायचं कसं? आईला अक्षरओळख आहे, पण देवनागरीची. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची 'गोट्या' मालिका तिला पाहायची होती. मी देवनागरीत लिहिलं, तर काहीच सापडलं नाही. इंग्रजी अक्षरांत लिहायचं तर टी एक घालायचा की दोन, शेवटी वाय लावून ए की वायच्या आधी आय? चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. दर वेळी भलतंच काहीतरी समोर आलं, त्यात एक दक्षिणेतला मारामारीचा सिनेमाही होता. मालिका मराठी, बघणारी मराठी, नाव मराठी, मग ते मराठी अक्षरांत लिहिलं तर कळू नये एवढं त्यात अवघड काय आहे? बोलून शोधायची सोय आहे म्हणतात. आईनं रिमोट तोंडाजवळ धरून "गंगाधर टिपरे" असं मालिकेचं नाव स्वच्छ सांगितलं. त्याला ऐकू आलं ते "गंगा धरती परे".

आणि शोधलेलं सापडायला ते मुळात उरलेलंही हवं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रातून ते पुण्याकडे दिसू लागलं. त्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतलं किती उरलंय हा विचार मनात आला की मला अस्वस्थ व्हायला होतं. तेव्हा टेप महाग होत्या. एकच टेप पुसून तिच्यावर पुन्हा नवं चित्रण करायची पद्धत होती. चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरच्या 'चिमणराव' मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली होती. आज तिचे मोजकेच भाग पाहायला मिळतात. ज्यांनी टेप पुसल्या त्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे उद्याचा कार्यक्रम उभा असायचा. पण जे उरलं आहे, त्याची किंमत त्यामुळे किती वाढली, हे आता तरी कळायला हवं.

प्रसार भारतीनं २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला, 'वेव्हज' हे आपलं अ‍ॅप सुरू केलं. सरकारी खजिना लोकांना उघडा झाला, हे फार चांगलं काम झालं. माझी त्यांच्याकडे एक मागणी आहे, आणि ती मी आमच्या भागाच्या वतीनं करते. मालिकांबरोबर 'आमची माती आमची माणसं' या शेतीच्या कार्यक्रमाचे जे काही जुने भाग शिल्लक असतील ते सगळे, वर्षवार लावून, लोकांना द्या. नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या माणसांसाठी तो कार्यक्रम म्हणजे शाळा होती. माझे वडील त्या वेळेला धार काढून, हात पुसून, वही घेऊन बसायचे. खताची मात्रा लिहून घ्यायचे. ती वही आजही कपाटात आहे, पण ज्यावरून लिहिली ते चित्र कुठे आहे? त्या वेळचं बियाणं, त्या वेळचे बैल, चाळीस वर्षांपूर्वीचा शेतकरी कॅमेऱ्यासमोर कसा संकोचून उभा राहायचा, त्याचं बोलणं, त्याचं मुंडासं. रामायण पाच ठिकाणी सापडतं. हे एका ठिकाणी तरी सापडावं.

आता चित्राकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी होता. रुंदी चार तर उंची तीन. आताच्या पडद्याची रुंदी सोळा तर उंची नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर इमानानं दाखवायचं म्हटलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. काही ठिकाणी तसंच दाखवतात, त्यांचे उपकार मानते. पण कुणाला तरी वाटलं की लोकांनी एवढा रुंद टीव्ही घेतलाय तर तो भरून दिला पाहिजे. मग चित्र मोठं करून रुंदीला बसवायचं आणि वरून-खालून उरलेलं छाटून टाकायचं. हिशेब मांडून पाहा, उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. एकरातले दहा गुंठे. आमच्याकडे बांध हातभर सरकला तरी माणूस मोजणीचा अर्ज घेऊन इंदापूरला जातो. इथे चित्राचे दहा गुंठे गेले आणि कुणी ब्र काढला नाही.

काय गेलं ते मी आईशेजारी बसून मोजलं. एका घरगुती मालिकेत आजी जमिनीवर बसून भाजी निवडते आहे आणि सून उभी राहून बोलते आहे, असा प्रसंग. जुन्या चित्रात दोघी पूर्ण दिसायच्या. नव्यात सुनेचं कपाळ वर कापलं गेलं आणि आजीचे हात खाली कापले गेले. भाजी दिसतच नाही. आजी मान खाली घालून काय करते आहे, हे नव्या माणसाला कळणार नाही. त्याला ती रडते आहे असं वाटेल. आई म्हणाली, "डोस्कं कुठाय तिचं? पहिल्यांदा हुतं की."

दुसरी तऱ्हा म्हणजे आडवं ताणणं. त्यात सगळे जण अंगानं सुटल्यासारखे दिसतात. ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सरळ करता येतं, मी केलं. पण छाटून चढवलेलं चित्र आपल्या हातातल्या कुठल्याच बटणानं परत येत नाही. ज्यांच्याकडे मूळ आहे त्यांनीच ते द्यायला हवं. काळ्या पट्ट्यांनी आमचं काही बिघडत नाही. पोथीला समास असतोच.

पोथीवरून आठवलं. मी ज्या बारामतीत राहते तिथे अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं म्हणतात. त्यांतलं निरोष्ठ रामायण तर ओठांना ओठ न लागू देता म्हणता येतं, प-फ-ब-भ-म त्यात नाहीत. छापखाना नव्हता, टेप नव्हती. कुणीतरी दिव्याजवळ बसून बोरूनं नकला केल्या, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. रचनेच्या शेवटाकडे पंत 'मयूर' म्हणून आपली मुद्रा ठेवायचे. आणि नक्कल करणाराही पोथी संपली की शेवटी शक, तिथी आणि आपलं नाव लिहायचा. पोथी ज्यानं लिहून काढली तोही पोथीत राहायचा. शेवटचं पान फाडून पोथी पुढे देण्याची रीत नव्हती.

मालिकेच्या शेवटच्या पाट्या म्हणजे तेच पान. नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी, संकलन. आता पाट्या सुरू झाल्या की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं, त्याच्या जागी पुढच्या भागाचा फोटो येतो, आणि पाच, चार, तीन, दोन असे आकडे पडतात. एक नाव वाचून होत नाही तोवर पुढचा भाग सुरू झालेला असतो.

आईचा एक मावसभाऊ होता. मॅट्रिक नापास झाल्यावर मुंबईला गेला, आधी नाटकांच्या मागे, मग दूरदर्शनच्या मालिकांमध्ये रंगभूषेच्या हाताखाली. एका मालिकेत त्याचं नाव यायचं. मालिकेचं नाव लिहीत नाही, कारण लगेच कोणतं अ‍ॅप ते कळेल आणि मला कुणा एकाशी भांडायचं नाही. सगळीकडे तीच तऱ्हा आहे. दर आठवड्याला आम्ही सगळे शेवटपर्यंत थांबायचो. रंगभूषा साहाय्य, त्याखाली त्याचं नाव, पाटीच्या अगदी खालच्या ओळीत. दोन सेकंद असायचं. आई दर वेळी मोठ्यानं वाचायची आणि म्हणायची, "बघ, मामाचं नाव." तो जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा एक धड फोटो कुणाकडे नाही. तो नेहमी दुसऱ्यांच्या चेहऱ्याला रंग लावत उभा असायचा.

मागच्या शनिवारी ती मालिका सापडली. आईला सांगितलं तर तिनं चष्मा पुसून घातला. भाग पूर्ण पाहिला. शेवट आला, पाट्या सुरू झाल्या, चित्र आक्रसलं, आकडे पडायला लागले. मी घाईनं रिमोट दाबला, पुढचा भाग सुरू झाला. मागे घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी बटणावर बोट ठेवूनच बसले आणि नेमकी ती पाटी आली तशी थांबवली. आता चित्र पडदाभर होतं, आकडे गेले होते.

रंगभूषा साहाय्य एवढं वाचता आलं. त्याखालची ओळ पडद्याच्या कडेवर होती, आणि चित्र तिथेच छाटलेलं. शिरोरेषा दिसत होती, तिच्यावरची एक वेलांटी दिसत होती, खालची अक्षरं नव्हती.

आई उठून टीव्हीजवळ गेली. त्या वेलांटीवर बोट ठेवलं.

"ह्यो त्योच हाय," म्हणाली. "पर पुसला कुणी गं त्येला?"