आप्पांचा पारा

‘फार नाही हो, थोडासाच,’ असं म्हणणाऱ्या माणसापासून जरा जपून राहावं. पंगतीत वाढप्याने ‘थोडासाच’ म्हणत घातलेला भात निदान पानात दिसतो. आमचे आप्पा म्हणतात तो ‘थोडासाच ओव्हरक्लॉक’ दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि झाला की नाही हे कळायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ऐकू येतो तो पंखा. आणि आप्पा.

आप्पा नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. राहायला इंदिरानगर. मूळ गाव निफाड तालुक्यातलं. तिथली द्राक्षबाग अजून वडीलच, म्हणजे नाना, बघतात. घरच्या कॉम्प्युटरवर बागेच्या फवारणीचा हिशेब असतो, सातबारा उतरवला जातो, मुलगी कॉलेजची प्रेझेंटेशनं करते आणि रविवारी वहिनी जुनी नाटकं लावतात. यातल्या एकाही कामाने प्रोसेसरला घाम फुटत नाही. तरी त्यातला रायझन ५ ३६०० आप्पांना ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरल्या वेगाच्या वर पळवून, ४.२ गिगाहर्ट्झवर न्यायचा होता. हा प्रोसेसर नावाला ३.६ चा, एकाच कोरचं काम असलं तर कुणी न सांगता ४.२ पर्यंत जाऊन येतो. आप्पांना सहाच्या सहा कोर एकदम ४.२ वर हवे होते. ‘कशाला?’ विचारलं की म्हणत, ‘कपॅसिटी आहे त्याची.’ मुलीच्या बारावीच्या वर्षीही घरात हेच वाक्य होतं.

या हौसेला इतिहास आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए आला. मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बहुतेक वेळा ४५० वर निमूट चालायचा. आप्पा तेव्हा डिप्लोमाला होते. दीडपट वेग, एक पैसा जास्त न मोजता! त्या वयात एकदा फुकट मिळालं की पुढे जन्मभर ते हक्काचं वाटतं. २०११ मध्ये इंटेलच्याच आय ५ २५०० के ने ३.३ वरून साडेचारपर्यंत मजल मारली आणि आप्पांची श्रद्धा पक्की झाली. नंतर मात्र कंपन्या शहाण्या झाल्या. प्रोसेसरात जेवढा वेग आहे, तेवढा त्या आताशा स्वतःच काढून घेतात, त्याला ‘बूस्ट’ म्हणतात आणि किमतीत धरतात. हौशी माणसासाठी मागे राहतात ते जेमतेम तीन-पाच टक्के. वेग गेला, हौस तेवढी राहिली; आणि या हौसेला हात घालण्यासारखी एकच वस्तू आता शिल्लक आहे, ती म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. नाशकात, पुण्यात, नागपुरात असे आप्पा पुष्कळ आहेत. ते प्रोसेसर पळवत नाहीत. ते कूलर निवडतात.

आमच्या आप्पांची निवड एप्रिलात सुरू झाली आणि दसऱ्याला संपली.

एप्रिलचं कारण उघड आहे. नाशिकची हवा थंड, हे वाक्य जुन्या माणसांनी इतकं म्हणून ठेवलंय की एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही आपण तो पाहुणा आल्यासारखं वागतो. आप्पा त्या भ्रमात नाहीत. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त दोघांमधलं अंतर कमी करतो. परदेशातले परीक्षक कूलर तपासतात ते वीस-बावीस अंशांच्या खोलीत. त्यांनी ७० लिहिलं की आप्पा मनातल्या मनात पंधरा मिळवतात आणि खिन्न होतात. कॉलेज रोडवरच्या दुकानदाराने एकदा नेहमीप्रमाणे ‘बजेट किती?’ विचारलं. आप्पा म्हणाले, ‘ते नंतर. हा मे महिन्यात दुपारी तीन वाजता काय करतो ते सांगा.’ दुकानदाराने स्वतःपुरतं सांगितलं, की तो झोपतो.

रविवारी सकाळी आम्ही काहीजण मिसळ खायला जमतो. तिथे आप्पांनी आम्हाला गणित शिकवलं. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर उष्णता ३३ टक्क्यांनी चढते. गणित बरोबर आहे. आप्पांची सगळीच गणितं बरोबर असतात, त्रास आहे तो तिथेच. चुकणाऱ्या माणसाला निदान गप्प करता येतं. समोरच्याच्या कपाळावर तर्रीचा घाम असताना ते विचारतात, ‘लोडला किती जातं तुमचं?’ आमच्यातल्या एका बँकवाल्याला बरेच दिवस ते गृहकर्जाबद्दल विचारतात असं वाटत होतं. तो प्रामाणिकपणे आकडा सांगायचा.

मग एक्सेलची शीट झाली. त्यात कूलर मास्टरचा हायपर २१२ होता, डीपकूलचा एके ४०० होता आणि सगळ्यात वरच्या ओळीत, ठळक अक्षरांत, ऑस्ट्रियाच्या नोक्टुआ कंपनीचा एनएच-डी १५. पहिले दोन दोन-अडीच हजारांच्या आसपासचे, शेवटचा नऊ-दहा हजारांच्या घरातला. हा दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा. पंखे बदामी आणि चॉकलेटी. वहिनींनी चित्र बघितलं आणि म्हणाल्या, ‘अहो, एवढे पैसे घालताय तर रंग तरी बरा बघा.’ पण घोडं अडलं ते रंगावर नाही, उंचीवर. या कूलरची उंची १६५ मिलिमीटर. आप्पांच्या कॅबिनेटमध्ये मावतो १६० पर्यंतचा. आप्पांनी कंपनीतून व्हर्नियर आणून कॅबिनेट आतून मोजलं, मग बाहेरून मोजलं, मग झाकण काढून आणि लावून मोजलं. एमआयडीसीत हयात गेलेला माणूस. अंबडला पत्र्याला भोक पाडणं ही त्याच्या दृष्टीने अडचण नव्हे. कूलर झाकणातून पाच मिलिमीटर बाहेर डोकावेल, एवढंच. मुलीने ‘आपल्या घरी माझ्या मैत्रिणी येतात, पप्पा,’ असं सांगितलं तेव्हा तो बेत मागे पडला.

द्राक्षाच्या कामातून सवड काढून नाना आठवडाभर नाशकात आले होते, तेव्हा शीटमध्ये नळ्यांचा विषय चालू होता. नव्या कूलरच्या तळातून तांब्याच्या नळ्या निघून वर अॅल्युमिनियमच्या पात्यांत जातात. तांबं अॅल्युमिनियमपेक्षा उष्णता बरीच चांगली वाहून नेतं, पण खरं काम तांब्याचं नसतं. नळीत थेंबभर पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते, म्हणून ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. खाली वाफ होते, वर जाऊन पात्यांपाशी तिचं पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी परत खाली झिरपतं. हे सगळं बंद नळीत, वर्षानुवर्षं. नानांनी कॅनॉलच्या आणि विहिरीच्या पाण्यात आयुष्य घालवलंय. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मोटर किती एचपीची?’ मोटर नाही म्हटल्यावर, ‘मग लाइटबिल?’ तेही नाही म्हटल्यावर नाना पहिल्यांदाच मुलाकडे आदराने बघून म्हणाले, ‘हे आधी बागेत बसव.’

काही नळ्या तांब्याच्या असून पांढऱ्या का, हा आप्पांचा पुढचा प्रश्न. त्यांना संशय, की आत दुसराच धातू घातला असावा. भांडी बाजारात ओळखीचं दुकान आहे. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी म्हणजे काही कालची गोष्ट नव्हे. आप्पा तिथे मोबाइलवर फोटो घेऊन गेले. फोटोवरून धातू ओळखायचा प्रसंग त्या म्हाताऱ्या दुकानदारावर प्रथमच आला असावा. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि कल्हईसारखं काहीतरी चढवलेलं दिसतंय, असं सांगितलं. उत्तर जवळजवळ बरोबर होतं. तांबं काळं पडू नये म्हणून त्यावर निकेलचा मुलामा देतात. आप्पांनी शीटमध्ये नवा स्तंभ घातला.

मध्ये पाण्याच्या कूलरचंही वारं येऊन गेलं. पुण्याच्या आयसरमधला सीडॅकचा परम ब्रह्म हा महासंगणक द्रवाने थंड ठेवतात, हे आप्पांच्या वाचनात आलं. ‘सीडॅकच्या लोकांना काही कळत नसेल का?’ असं ते आठवडाभर म्हणत होते. सीडॅकच्या लोकांना कळतं हे आम्ही ताबडतोब मान्य केलं. पण तिथे हवामानाचे आणि रेणूंचे हिशेब होतात, इथे द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या फवारणीचा होतो, हा फरक सांगायला कुणी धजावलं नाही. शेवटी वहिनींनीच विचारलं, ‘गळलं तर?’ घरात बाथरूमचा नळ दिवाळीपासून गळत होता आणि मेंटेनन्सचा माणूस घरातच होता. आप्पांनी पाण्याचा विषय बंद केला.

घेतला काय? एका मनोऱ्याचा, चार नळ्यांचा, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा, १५५ मिलिमीटर उंचीचा साधा कूलर. दुकानदाराने एप्रिलात पहिल्या दिवशी काढून समोर ठेवला होता तोच.

दसऱ्याला त्याची प्रतिष्ठापना झाली. जुना कूलर काढताना एक खबरदारी घ्यायची असते. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून कूलर आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट गरम करायची, मग कूलर हलकेच पिळून सोडवायचा. सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, कारण या जातीच्या प्रोसेसरला पिना खालून असतात. आप्पांना हे तोंडपाठ. आम्हाला तीनदा सांगून झालेलं. सांगण्यात एवढा वेळ गेला की गरम केलेली पेस्ट गार झाली, आणि कूलरबरोबर प्रोसेसर आला. त्याला १३३१ पिना. एक जरी वाकली तरी सगळाच ग्रंथ आटोपला. नाना द्राक्षाच्या घडावर थ्रिप्स शोधतात ते भिंग घेऊन आप्पा खिडकीत बसले आणि दिवेलागणीपर्यंत ओळीने पिना तपासत होते. एकही वाकली नव्हती. वहिनींनी सोनं वाटताना एक आपट्याचं पान कॅबिनेटवरही ठेवलं.

खरी परीक्षा डिसेंबरात झाली. निफाडकडे थंडी अशी पडते की काही पहाटे पारा पाचाच्या खाली उतरतो. अशा वेळी द्राक्षमण्यांची वाढ थांबते, मणी तडकतात, म्हणून बागायतदार रात्रभर जागून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. नाशिक जिल्ह्यात त्या रात्री प्रत्येक माणूस पारा वर जावा म्हणून धडपडत असतो. अपवाद आप्पांचा. कॅबिनेटला मागच्या सीटवर पट्टा लावून ते मळ्यात दाखल झाले, खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या आणि स्वेटर-मफलरमध्ये बसून प्रोसेसरला राबवणारी सिनेबेंचची चाचणी लावली. बाहेर नाना काटक्या टाकत होते. आत आप्पांना खोली ८ अंशांवर आलेली हवी होती आणि ती आली. इतक्यात नानांनी पाण्याची मोटर टाकली. लाइट एकदम मंदावली आणि कॉम्प्युटर बसला. आप्पा ओरडले, ‘नाना, पाच मिनिटं थांबा!’ नाना म्हणाले, ‘घडांना सांग.’

उजाडायच्या आधी मोटर बंद झाल्यावर आकडा मिळाला. खोली ८, प्रोसेसर ५६. आप्पांनी फोटो काढून पहाटे साडेपाचला सगळ्यांना पाठवला. पुढच्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा मोजलं, इंदिरानगरच्या घरात, दुपारी. खोली ३६, प्रोसेसर ८४. दोन्ही ठिकाणची वजाबाकी ४८. कूलर खोलीच्या वरचं अंतर सांभाळतो, खोली सांभाळत नाही, हे ते आम्हाला वर्षभर मिसळीवर सांगतच होते. तरी मळ्यात गेले. कारण ५६ हा आकडा दाखवण्यासारखा असतो, ४८ नसतो.

वेगाचं म्हणाल, तर सहाही कोर लागतील अशा चाचणीत साधारण पाच टक्के फरक पडला. एका कोरच्या कामात काहीच नाही. तिथे प्रोसेसर आधीही ४.२ ला जातच होता. सातबारा उघडायला लागतो तेवढाच वेळ लागतो, कारण तो सरकारच्या सर्व्हरवरून यायचा असतो आणि त्याचा कूलर आप्पांच्या हातात नाही. खरा फायदा झाला तो वहिनींना. जुना छोटा पंखा भरभर फिरून घोंगावायचा, नवा मोठा पंखा सावकाश फिरतो. नाटकातले संवाद आता ऐकू येतात.

तेव्हा ६५ वॅटचा प्रोसेसर असेल आणि थोडासाच वाढवायचा असेल, तर १२० मिलिमीटर पंख्याचा, चार नळ्यांचा एक साधा मनोरा पुरतो. विकत घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी आणि रॅमची उंची मोजा, तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरू नका, पेस्ट वाटाण्याएवढी लावा. संध्याकाळपर्यंत काम आटोपतं. फक्त दुकानात जाताना आप्पांना बरोबर नेऊ नका.