अबोल श्रीमंतीचा भाव

श्रीमंती डोळ्यांना दिसू न देता केवळ बिलातून जाणवून देणारी जी अंतर्गत सजावट ऐतिहासिक शहरांतील हॉटेलांत सध्या प्रतिष्ठा पावली आहे, म्हणजे उघडा दगड, बिनरंगाचे लाकूड, चुन्याचा गिलावा (चुना व वाळू कालवून भिंतीवर दिलेला लेप) आणि रिकामा कोनाडा, ती पनवेलला वास्तविक घरचीच होती. तेथील वाड्यांनी ती फुकट पुरवली. तिचे मोल न कळण्याचे हेच कारण असावे. वाडा पाडावा, त्याचे सागवानी खांब नि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला घनफुटाच्या दराने विकाव्यात आणि नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात चकचकीत फरशी, झुंबर व फॉल्स सीलिंगआड दडवलेले दिवे बसवावेत, हा क्रम रूढ झाला. तोच खांब मग जोगेश्वरीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून, घासूनपुसून पण भेगा जपून, एखाद्या तारांकित हॉटेलच्या स्वागतकक्षात उभा राहू शकतो. कोनाड्यात पूर्वी पणती असे. आता तेथे काहीच नसते, आणि त्या काहीच नसण्याचे सल्लाशुल्क सजावटकार वेगळे लावतो.