एक टेबल, दोन खातेदार

दोन भावांत शेताची वाटणी करताना मध्ये बांध घालता येतो, पण विहिरीत बांध घालता येत नाही. विहीर सामाईकच राहते आणि दोन्ही घरांना पाण्याची पाळी लावून घ्यावी लागते. एकाच टेबलावर कंपनीचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप नांदवू पाहणाऱ्याने हे तत्त्व आधी पक्के ध्यानात घ्यावे. डेस्कटॉपचा डबा टेबलाखाली जाईल, लॅपटॉप कडेला कुठेतरी मावेल. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस ही मात्र विहीर आहे. प्रस्तुत मार्गदर्शन केवळ पाळीपुरते आहे. कोणी कोणाची जागा दाबली, कोणाचा चहाचा कप कोणाच्या हद्दीत आला, हे वाद इथे घेतले जाणार नाहीत.

सुरुवात मोजणीने करावी. मोबाइलची बॅटरी पेटवून मॉनिटरच्या मागे मान घालावी. तिथली भोके जमिनीकडे तोंड करून असतात आणि त्यांची नावे काळ्या प्लास्टिकवर काळ्याच अक्षरांत उठवलेली असतात, त्यामुळे ती वाचण्यापेक्षा आकारावरून ओळखलेली बरी. दोन्ही बाजूंनी खाली निमुळते होत गेलेले ते एचडीएमआय. एकच कोपरा छाटलेला ते डिस्प्लेपोर्ट. दोन स्क्रू असलेले निळे ते व्हीजीए. त्याला नमस्कार करून पुढे जावे. चित्र आत घेणारी दोन भोके सापडली तर तुमचे निम्मे काम फुकटात झाले आहे. ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाहीत.

फुकटातली पद्धत अशी. डेस्कटॉपची वायर डिस्प्लेपोर्टला लावावी, लॅपटॉपची एचडीएमआयला, आणि पाळी बदलायची वेळ आली की मॉनिटरचे बटण दाबून इनपुट बदलावे. या पद्धतीत एकच अडचण आहे, ती म्हणजे मॉनिटरचे बटण. बटणे सहसा पाच असतात. ती खालच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात, पोटाच्या बाजूने बसवलेली असतात; दिसत नाहीत, चाचपावी लागतात, आणि पाचही एकाच आकाराची असतात. पहिले दाबले की उजेड वाढतो. दुसऱ्याने मेन्यू उघडतो, तिसऱ्याने तो बंद होतो, चौथे काय करते ते कंपनीला ठाऊक, आणि पाचव्याने मॉनिटरच बंद पडतो. या खटपटीत कधीतरी मेन्यू पोर्तुगीज भाषेत जाईल. तेव्हा घाबरू नये. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव त्याच भाषेत लिहिलेले असते, त्यामुळे इंग्रजी सापडते.

मेन्यूत शिरलाच आहात तर ‘ऑटो सोर्स’ नावाची सोय शोधून बंद करून टाकावी. ती चालू असली की एक यंत्र झोपी जाताच मॉनिटर आपल्या मनाने दुसऱ्याकडे जातो. जेवून परत येईपर्यंत ऑफिसच्या तक्त्याच्या जागी घरच्या डेस्कटॉपवर अर्धवट थांबवलेली वेबमालिका दिसत असते, आणि नेमक्या त्याच वेळी घरी पाहुणे आलेले असतात.

फुकटातल्या पद्धतीत कीबोर्ड अर्थातच दोन लागतात. एक पुढे, एक मागे, किंवा एकावर एक. यात तुमचा पासवर्ड आठवड्यातून दोनदा तरी चुकीच्या यंत्रात, बहुधा कोणाशी तरी चाललेल्या गप्पांच्या चौकटीत, उघड्या अक्षरांत टाइप होईल. तो बदलून टाकावा. पासवर्ड अधूनमधून बदलावा असे आयटी विभाग नाहीतरी सांगतच असतो.

एवढे ज्याला सोसवत नाही, त्याने केव्हीएम स्विच आणावा. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तिघांची पाळी एका बटणासरशी फिरवणारी ही लहानशी डबी. मुंबईकरांनी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे दिसले तरी तो रस्ता हाच. पुणेकरांनी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठावी. दुकानात ‘फोर-के चालतं का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘चालतं ना’ हेच असते. ‘फोर-के किती हर्ट्झला?’ असे विचारावे. एचडीएमआय १.४ ची डबी फोर-के चित्र दाखवते खरे, पण सेकंदाला फक्त ३० वेळा. नेहमीचे ६० हवे असतील तर एचडीएमआय २.० लागते. ३० वर काही बिघडत नाही. माउस हलवला की बाण जरा विचार करून निघतो, इतकेच. मात्र दिवसभर असा विचारी बाण पाहून संध्याकाळी डोके दुखते. साधा फुल-एचडी मॉनिटर असलेल्यांनी हा परिच्छेद विसरून जावा. त्यांचे स्वस्तात भागते.

डबी घरी आणून उघडली की वायरी मोजाव्यात. दोन यंत्रांकडून चित्राच्या दोन, यूएसबीच्या दोन, मॉनिटरकडे जाणारी एक, कीबोर्डची एक, माउसची एक. म्हणजे टेबल मोकळे करण्यासाठी आणलेल्या वस्तूला सात वायरी. डबी वजनाने हलकी असल्यामुळे या सात जणी तिला मागे ओढून टेबलाच्या पलीकडे लोंबकळवतात. दुहेरी चिकटपट्टीने ती टेबलाला चिकटवावी. घरातल्या ज्येष्ठांना नव्या सनमायक्यावर चिकटपट्टी लावलेली चालत नाही, म्हणून हे काम दुपारच्या वामकुक्षीच्या वेळेत उरकावे.

हात लांब करून बटण दाबायचाही कंटाळा असेल तर बऱ्याच डब्या कीबोर्डवरून हुकूम घेतात. स्क्रोल लॉक दोनदा दाबले की पाळी बदलते. वर्षानुवर्षे या कळीला काही काम नव्हते. केव्हीएमवाल्यांनी तिला नोकरी लावली. दुर्दैवाने तोवर छोट्या कीबोर्डांतून तिची जागाच काढून टाकली होती. तेव्हा डबी घेण्याआधी आपल्या कीबोर्डवर ती कळ आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

आता सर्वांत अपमानास्पद प्रसंगाकडे वळू. स्वस्त डबीने पाळी बदलली की ज्याची पाळी संपली त्या यंत्राचा समज होतो की मॉनिटर कोणीतरी उपटून नेला. मॉनिटर आपली ओळख, म्हणजे बनावट, आकार आणि झेपणारी रिझोल्यूशन, ईडीआयडी नावाच्या इवल्याशा नोंदीतून संगणकाला सांगत असतो. ती नोंद मिळेनाशी झाली की लॅपटॉप मॉनिटरवरच्या सगळ्या खिडक्या गोळा करून आपल्या चौदा इंचांत कोंबतो. पाळी परत आल्यावर त्या जागच्या जागी जातीलच असे नाही. तुम्ही डावीकडे मेल, उजवीकडे तक्ता, मध्ये कोड अशी मांडलेली रांगोळी पुसलेली असते. डिस्प्लेपोर्टवर हा प्रकार जरा जास्त होतो. विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची खूण डिस्प्ले सेटिंगमध्ये आहे, ती करून ठेवावी. पुष्कळ फरक पडतो. चांगल्या डब्या ही ईडीआयडीची नोंद दोन्ही यंत्रांना कायम पुरवत राहतात, म्हणजे गेलेला मॉनिटर गेलाच नाही असे भासवतात. दुकानात ‘ईडीआयडी इम्युलेशन आहे का?’ असे विचारावे. यावर दुकानदार आतल्या माणसाला हाक मारतो. आतला माणूस बाहेर आला तर दुकान चांगले आहे असे समजावे.

डबीच नको असेल तर तीन यंत्रांशी जोडता येणारे बिनतारी कीबोर्ड मिळतात. लॉजिटेकच्या अशा कीबोर्डांवर १, २, ३ अशा कळी असतात; एक दाबली की लॅपटॉप, दोन दाबली की डेस्कटॉप. कीबोर्ड तत्काळ पक्ष बदलतो. माउस बदलत नाही. त्याचे बटण अनेक मॉडेलांत पोटाखाली असते, म्हणून प्रत्येक पाळीला त्याला उताणा करावा लागतो. दिवसातून चाळीसदा माउस उताणा करणाऱ्या माणसाकडे घरचे काळजीने पाहू लागतात. शिवाय ब्लूटूथवर चालणारा कीबोर्ड विंडोज सुरू होण्याआधी सहसा चालत नाही. बायोसमध्ये शिरायचे असेल तर जुना वायरवाला माळ्यावरून उतरवावा लागतो. म्हणून तो भंगारवाल्याला देऊ नये. ज्यांचा माउस डाँगलवर चालतो आणि अधूनमधून झटके खातो त्यांनी डाँगल यूएसबी ३ च्या भोकापासून दूर न्यावा. ते भोक आणि त्यातली वायर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, हे खुद्द इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. हातभर एक्स्टेंशन वायर लावून डाँगल टेबलावर आणला की झटके थांबतात. तोवर लोक माउसचे सेल बदलत बसतात.

मॉनिटर डेस्कटॉपचा, लॅपटॉपचा पडदा लॅपटॉपचाच, आणि दोघांना कीबोर्ड-माउस एक, एवढेच हवे असेल तर काहीही विकत घ्यायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ २०२३ पासून पॉवरटॉइजमध्येच मिळते. दोन्ही यंत्रांवर ते टाकले की बाण एका पडद्याच्या कडेवरून सरळ दुसऱ्यावर उतरतो. ॲपलवाल्यांना हेच सुख २०२२ पासून युनिव्हर्सल कंट्रोल या नावाने मिळते. एकट्याने दोन्ही यंत्रे चालवणाऱ्यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगला उपाय नाही. आडवे येते ते कंपनीचे धोरण. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचे सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नसते, आणि नसावीच. कारण बाणाबरोबर कॉपी केलेला मजकूरही हद्द ओलांडतो. घरी कॉपी केलेली भाजणीच्या चकलीची कृती ऑफिसात पेस्ट झाली तर फार तर कोणी मोहन किती घालायचे ते विचारेल. उलट दिशेने ग्राहकाची यादी घरी आली तर विचारणारे वेगळे असतात. डबीचे तसे नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने ती म्हणजे नुसता जोडलेला कीबोर्ड. तरीही आयटीवाल्यांना विचारून घ्यावे.

नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर माझे मत स्पष्ट आहे: यूएसबी-सी असलेला आणि केव्हीएम पोटातच असलेला घ्यावा. लॅपटॉपला एकच वायर लागते. तीतूनच चित्र जाते, कीबोर्ड-माउस येतात आणि चार्जिंगही होते. चार्जिंग किती वॅटचे ते मात्र पाहावे. ६५ वॅटचा लॅपटॉप ४५ वॅटवर दिवसभर राबवला तर संध्याकाळी बॅटरी सकाळपेक्षा कमी दिसू शकते. डेस्कटॉपला चित्राची वायर वेगळी, आणि जोडीला प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी. ही दुसरी वायर लावायची बहुतेक जण विसरतात आणि केव्हीएम बिघडले म्हणून तक्रार करतात. आणखी एक: यूएसबी-सीचे भोक दिसले म्हणून त्यातून चित्र येईलच असे नाही. काही लॅपटॉपांवर ते फक्त चार्जिंगपुरते असते, काहींवर फक्त पेनड्राइव्हपुरते. आपल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द सापडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यूपीएसबद्दल एकच सूचना. त्यावर डेस्कटॉप, मॉनिटर आणि राउटर असावेत. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याने तिथली जागा अडवू नये. लेझर प्रिंटर तर मुळीच लावू नये.

यंत्रांची पाळी अशी लागते. माणसांची पाळी लावायला बाजारात डबी मिळत नाही. डेस्कटॉप सासऱ्यांचा असेल, त्यावर शेअर बाजार चालत असेल आणि लॅपटॉप सुनेचा असेल, तर सव्वानऊची घंटा आणि दहाची मीटिंग यांत अवघा पाऊण तास असतो.

“बाबा, दहाला माझा कॉल आहे.”

“अगं, पाचच मिनिटं. निफ्टी जरा वळतोय.”

“बाबा, बाजार साडेतीनपर्यंत आहे.”

“आणि तुमचं ऑफिस?”

यावर तंत्रज्ञानाने सुचवलेला तोडगा म्हणजे ‘पिक्चर बाय पिक्चर’. बऱ्याच मोठ्या मॉनिटरांत ही सोय असते. डावा अर्धा डेस्कटॉपला, उजवा अर्धा लॅपटॉपला. आलेख आणि मॅनेजर शेजारी शेजारी दिसतात. पण कीबोर्ड एकच असल्याने बोलणारी सून आणि विकणारे सासरे यांपैकी एकालाच टाइप करता येते, आणि कॅमेऱ्यात दोघेही येतात. एकदा अख्ख्या टीमने बाबांना नमस्कार केला की ते रोज दहाला कॉलर सारखी करून बसतात. हा प्रयोग शक्यतो टाळावा.

हे सर्व करण्यापूर्वी मात्र मीटरची टेप घेऊन टेबल मोजावे. २४ इंची मॉनिटर सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद असतो. दोन शेजारी ठेवले की १०८ होतात. चार फुटी टेबल १२२ सेंटिमीटरचे असते. त्यावर दोन मॉनिटर आरामात बसतात, आणि साधा २४ इंची मॉनिटर अनेकदा चांगल्या केव्हीएमपेक्षा फार महाग पडत नाही. तेव्हा वरील मार्गदर्शन साडेतीन फुटांच्या आतल्या टेबलांनाच लागू आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.