अंगठेबहाद्दरांचा जिल्हा

फसवणुकीचा दर्जा घसरला म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यात अजून एकही मोर्चा निघालेला नाही. निघायला हवा होता.

एके काळी टेलिफोनला गंडवायचं तर डोकं लागायचं. 1971च्या सुमारास अमेरिकेतल्या पोरांनी 2600 हर्ट्‌झचा सूर तारेत सोडला की यंत्र फसायचं आणि परगावचा कॉल फुकट लागायचा. वॉझ्नियाक आणि जॉब्ज यांनी त्यासाठीच्या डब्या विकल्या आणि पुढे ‘अ‍ॅपल’ काढलं. चोरीच ती, पण अभ्यास करून केलेली!

आपणही मागे नव्हतो. साहेब काळ्या फोनच्या डायलला चिमुकलं कुलूप घालून जेवायला जायचे, आणि मागे शिपाईमामा रिसीव्हरखालच्या खटक्यावर टिचक्या मारून नंबर लावायचे. पाचाला पाच टिचक्या, शून्याला दहा. मोजताना एक चुकली की मेव्हण्याऐवजी पिठाची गिरणी बोलायची. मोबाइल आल्यावर एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘डबा पाठव’. कंपनीला छदाम न देता संसार चालले.

आताचा भामटा मात्र यंत्राच्या वाटेला जात नाही. त्याला आपण पुरतो.

सिमबॉक्सचंच बघा. परदेशातला कॉल इंटरनेटवरून येतो, पेटीतल्या सिममधून बाहेर पडतो आणि आपल्या स्क्रीनवर देशी नंबर झळकतो. असली बेकायदा एक्स्चेंजेस 2017 साली लातूर जिल्ह्यात सापडली, 2024 साली पुण्याच्या कोंढव्यात सापडलं. पण पेट्यांत भरायला एवढी सिमं येतात कुठून? रस्त्यावरच्या सिमविक्रेत्याच्या छत्रीखालून. “दादा, अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा.” दादा परत ठेवतात. पहिल्या अंगठ्याचं सिम दादांच्या खिशात, दुसऱ्याचं देशसेवेला!

मग फोन येतो : “तुमचं पार्सल अडकलंय, स्टार चारशे एक दाबून पुढे हा नंबर टाका.” दाबलं की आपले कॉल त्याच्याकडे. ही सोय सरकारने 15 एप्रिल 2024पासून बंद करायला लावली, तरी भामट्याचं अडत नाही; तो व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी चढवून ‘डिजिटल अरेस्ट’ करतो. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेणारे आमचे निवृत्त अण्णा दार लावून कॅमेऱ्यासमोर हात जोडून बसतात आणि मोडलेल्या एफडीचे लाखो रुपये घासाघीस न करता पाठवतात. खरा हवालदार दारात आला असता, तर अण्णांनी आधी आमदाराला फोन लावला असता.

तेव्हा अण्णा, एवढं करा. डिजिटल अरेस्ट नावाची अटक कायद्यात नाही, म्हणून फोन सरळ कापा. आपल्या नावावर किती सिमं फिरताहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर बघा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर हेल्पलाइनचा 1930 लावा. आणि मशीनवर दुसऱ्यांदा अंगठा ठेवण्याआधी विचारा, पहिला कुठं गेला?