मुक्काम पोस्ट जामखेड
परदेशी पाहुणे गावातलं आरोग्याचं काम शिकायला काही आठवड्यांसाठी जामखेडला येतात, लोकांशी नातं जुळलं म्हणतात आणि परतीचं विमान गाठतात. त्यांच्या बायोडेटात एका ओळीची भर पडते. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत शिकून आले, १९७० मध्ये इथं आरोग्य प्रकल्प उभारला आणि इथलेच झाले. त्यांनी घडवलेल्या ग्राम आरोग्यसेविकांपैकी कित्येक निरक्षर. बाळंतपणं केली, पोरांची वजनं घेतली, बायोडेटा मात्र कुणीच केला नाही. कुणी म्हणेल, बाहेरची नजर गावाला उपयोगी पडते. पडते की! आरोळ्यांची नजरही बाहेर फिरून आलेलीच होती. पण त्यांनी परतीचं तिकीट काढलं नव्हतं. तेव्हा पाहुण्यांनी जरूर यावं, सेविकेमागं वजनकाटा घेऊन फिरावं आणि प्रमाणपत्रही तिच्याच सहीचं घ्यावं. अंगठा असला तरी चालेल.